परदेशी भागीदार आला, आता सही करू का?

गोव्यात काजूचा हंगाम तोंडावर आला की माझ्याकडे एकाच सुराची पत्रे येऊ लागतात. परदेशी कंपनी दारात आली आहे, 'शाश्वत शेती' म्हणते, भाव बरा देते, सही करू का? बरीच पत्रे सही करून झाल्यावर येतात, हे जास्त वाईट. त्यातली काही इथे घेतली आहेत.

आमचा महिला बचत गट कोकम आगळ करतो. दुबईला पाठवायची तर आयईसी नंबर लागतोच का? (पेडणे)

लागतो. हा आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर 500 रुपयांत मिळतो, त्यासाठी एजंटाला पाच-दहा हजार मोजू नका. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो.

आफ्रिकेतून आणलेले बी गोव्यात फोडले तर तो 'गोवा काजू' म्हणून बाहेर पाठवता येतो का? सगळेच तसे करतात. (फोंडा)

नाही. 'सगळेच तसे करतात' हे उत्तर नव्हे. गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते इथल्या मातीतल्या बियांसाठी. आफ्रिकेचा काजू आफ्रिकेचा म्हणून विका, त्यात कमीपणा नाही.

डोंगरावरच्या आमच्या काजूवर वडिलांच्या काळापासून काही फवारलेले नाही. म्हणजे तो सेंद्रियच धरायचा ना? गावात सगळे तसेच सांगतात. (सांगे)

गाव सांगते ते युरोपातला तपासनीस ऐकत नाही. निर्यातीला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे, म्हणजे एनपीओपीचे, प्रमाणपत्र लागते. काजूसारख्या बहुवर्षायू पिकाला त्यासाठी साधारण 36 महिन्यांचा रूपांतर काळ, म्हणजे सेंद्रिय पद्धतीने पिकवून दाखवण्याचा काळ, असतो. जुना पुरावा दाखवून तो कमी होऊ शकतो, पण ते ठरवणार प्रमाणन संस्था, तुम्ही किंवा मी नव्हे. पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांना तपासून दिलेला, दाखला देशातल्या बाजारापुरता, निर्यातीला तो चालत नाही. तुमचा काजू पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेल्या झोनमधला असेल तर आणखी एक पेच आहे: गेल्या वर्षी तो झोन ज्याच्याकडे होता त्याने बुंध्याशी काय ओतले, याची नोंद तुमच्याकडे नसणार. आधी विभागीय कृषी अधिकाऱ्याला भेटा.

आम्ही चाळीसेक बागायतदार. एक जर्मन कंपनी म्हणते, प्रमाणनाचा सगळा खर्च आमचा, भाव बाजारापेक्षा वर, फक्त पाच वर्षे सगळा काजू आम्हालाच द्या. यात तोटा काय? (सत्तरी)

प्रमाणपत्र कोणाच्या नावावर निघणार, हे विचारलेत का? नसेल विचारले तर आजच विचारा. गटाचे प्रमाणन खरेदीदाराने किंवा त्याच्या इथल्या एजंटाने आपल्या नावावर काढले, तर बागा तुमच्या, नोंदवह्या तुम्ही लिहिलेल्या, आणि सेंद्रिय म्हणून विकण्याचा हक्क मात्र त्याचा. उद्या त्याने भाव पाडला आणि तुम्ही दुसऱ्याकडे गेलात, तर तोच काजू साधा म्हणून विकावा लागेल. कसणारे कूळ आणि कागद भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, नावावर, हा प्रकार गोव्याला नवा नाही. म्हणून आधी स्वतःची उत्पादक कंपनी काढा, त्याला दहा उत्पादक पुरतात. युरोपीय संघाचा 2018/848 हा नियमही उत्पादक गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व मागतो.

पुढचे कलम: 'सगळा काजू आम्हालाच.' मग 'निदान इतके टन उचलूच' हे कुठे लिहिले आहे? बांधलेले तुम्ही आणि मोकळे ते, असा करार मी गेल्या हंगामातही वाचला. 'बाजारापेक्षा वर' म्हणजे कुठल्या बाजारापेक्षा? बागायतदार संस्थेच्या फळ्यावरचा बियांचा दर की व्हिएतनामच्या गराचा? दोन्हींचा मेळ कधीच बसत नाही. दराचा आधार, तारीख आणि चलन लिहून घ्या.

माल नाकारण्याचा हक्क कुठे बजावला जाईल, हेही पाहा. हॅम्बुर्गला कंटेनर उघडून 'आर्द्रता पाच टक्क्यांहून जास्त, डब्ल्यू 320 या अख्ख्या गराच्या प्रतीत तुकडा फार' असे कळवले, तर तुम्ही वाळपईहून काय तपासणार? तपासणी इथे, माल चढवण्यापूर्वी, तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडून करा आणि दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना जपून ठेवा. पैसे 'माल विकल्यावर' नकोत. एलसी, म्हणजे बँकेचे हमीपत्र, घ्या, किंवा निदान ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा काढा.

वाद झाला तर कायदा कोणाचा, हे कोरे सोडू नका. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या संयुक्त राष्ट्र करारात जर्मनी आहे, भारत नाही. लवाद नेमायचे लिहिले असेल तर 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा दोन्ही देशांत बजावता येतो. लवादाचे ठिकाण कुठले, यावर तुमचा अर्धा खर्च ठरतो. हे सगळे वाचून स्वतःच मसुदा खरडू नका. निर्यात करार हाताळणारा वकील गाठा. चाळीस जणांत त्याची फी जड नाही. 'मंगळवारपर्यंत सही द्या, नाहीतर दुसरे गट तयार आहेत' असे ते म्हणाले असतील, तर मंगळवार जाऊ द्या.

आमची मिरची केप्याची, बी मात्र खोल्याचे. 'खोला मिरची' असे लेबल लावू का? (केपे)

नको. 2020 चे मानांकन काणकोणातल्या ठरलेल्या भागाचे आहे, बियांसोबत ते प्रवास करत नाही. दुसरे, तुम्ही न विचारलेले: मिरची उघड्या मातीवर वाळवता का? रात्रीच्या दवाने बुरशी धरते आणि त्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होते. युरोपात मिरचीतल्या बी-1 या प्रकाराची मर्यादा किलोला 5 मायक्रोग्रॅम आहे. ते विष डोळ्याला दिसत नाही, वासालाही कळत नाही. ताडपत्री किंवा जाळीचा मांडव वापरा आणि नमुना तपासून मगच खरेदीदाराशी बोला.

फ्रेंच भागीदार म्हणतो, जमिनीत निम्मा वाटा नावावर करा, मग गुंतवणूक करतो. (डिचोली)

परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआय कार्डवाल्यालाही, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसालाही, नाही. वारशाची गोष्ट वेगळी. 'गावातला कोणी नावाला उभा करू' असे सुचवणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा, बेनामी ठरलेली मालमत्ता सरकारजमा होते. शिवाय गोव्याच्या 2023 च्या कायद्यानंतर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यावरच निर्बंध आहेत. त्याला गुंतवायचेच असेल तर प्रक्रिया कारखान्यात गुंतवू द्या, आणि तेही सनदी लेखापालाला विचारून. विसार घेतला असेल तर तो खर्च करू नका. जमिनीचा एक-चौदाचा उतारा घेऊन या आठवड्यात वकिलाकडे जा.