धमनीतील विषाणू आणि गेलेली दृष्टी

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांची उजव्या डोळ्याची दृष्टी गेल्या महिन्यात अचानक गेली. कानशिलाच्या धमनीला सूज असल्याचे निदान होऊन त्यांना स्टेरॉइड सुरू झाले. हा आजार कांजिण्यांच्या विषाणूमुळे होतो, असे वाचले. त्यांना पूर्वी नागीण झाली होती. मग विषाणूविरोधी औषध का दिले नाही? स्टेरॉइडने संसर्ग बळावणार नाही ना?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण तिच्यापोटी स्टेरॉइडची एकही गोळी स्वतःहून कमी करू नका, ही कळकळीची विनंती. पन्नाशीनंतर होणाऱ्या या आजाराला जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. त्यात डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुजून अरुंद होतात. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही आणि उपचार न झाल्यास दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. म्हणूनच बायोप्सीच्या (धमनीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) निष्कर्षाची वाट न पाहता, नुसत्या दाट संशयावरही स्टेरॉइड सुरू करतात.

आता विषाणूविषयी. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. पुढे तो जागा होऊन त्वचेकडे आला, तर नागीण उठते. क्वचित तो मज्जातंतूंवाटे धमनीच्या भिंतीतही शिरतो आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. इथवर वाद नाही. २०१५ मध्ये एका अभ्यासात जायंट सेल आर्टेरायटिसच्या ८२ पैकी ६१ रुग्णांच्या धमन्यांत, तर १३ निरोगी धमन्यांपैकी एकीतच या विषाणूच्या खुणा आढळल्या. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली होती, परंतु नंतर इतर प्रयोगशाळांना तसा पडताळा आला नाही. म्हणून या आजारात विषाणूविरोधी औषध सरसकट देत नाहीत.

मात्र आपल्या पत्रात नागीण केव्हा आणि कोठे उठली होती, हे नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ती काही आठवड्यांपूर्वी कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा. डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांना या विषाणूचा थेट संसर्ग झाला असेल, तर असायक्लोव्हिरसारखे विषाणूविरोधी औषध आधी आणि स्टेरॉइड त्याच्या संरक्षणाखाली, असा क्रम असतो. नागीण दहा-वीस वर्षांपूर्वी पाठीवर उठली असेल, तर चालू उपचारात त्यामुळे बदल करावा लागण्याची शक्यता कमी आहे. डाव्या डोळ्यापुढे क्षणभर जरी अंधारी आली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसल्या, तरी पुढच्या भेटीपर्यंत न थांबता त्याच तासाला रुग्णालय गाठा.