पत्रकाराला टाळू नकोस

पूरग्रस्तांना केलेल्या मदतीची बातमी छापून आणणं म्हणजे मिरवणं, असं तुला वाटतं ना? २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, आणि बातम्या बघून गावोगावहून गाड्या निघाल्या. पण आमच्या छावणीत जुन्या कपड्यांचा ढीग छपराला टेकला होता अन् दावणीला जनावरं उपाशी. एका वार्ताहराला मी हाताला धरून तिकडं नेलं. 'कपडे पुरेत, वैरण धाडा' एवढंच त्यानं छापलं. दुसऱ्या दिवशी उसाच्या वाड्यानं भरलेला ट्रॅक्टर दारात!

काय हवं, किती हवं, कुठं उतरवायचं, ते पत्रकाराला नेमकं सांगत जा. मदतीचं किट घेणाऱ्या बाईचा फोटो मात्र तिला विचारल्याशिवाय काढू देऊ नकोस. आणि पाणी ओसरलं की त्याला परत फोन कर. घराघरातला चिखल उपसायला माणसं तेव्हाच लागतात.