वडिलांचं तोंड दहा मिनिटं वाकडं झालं, मग परत सरळ झालं. दुखत काहीच नाही. लगेच दवाखान्यात न्यायलाच हवं का?

हो, आणि आजच न्या. तुम्ही लिहिलंय की दुपारी जेवताना त्यांच्या हातून घास पडला, बोलणं जड झालं, ओठ एका बाजूला ओढला गेला आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी आपोआप सुटली की बहुतेक वेळा असंच होतं. पुढची गुठळी सुटेलच याची खात्री नसते, आणि मोठा झटका (पक्षाघात, म्हणजे लकवा) येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.

मी डॉक्टर नाही. पण आमच्या घरी हे झालंय आणि आम्ही चुकलो, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी सव्वासातला सासूबाईंच्या डाव्या हातातून चहाचा कप निसटला. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, हाताला मुंग्या आल्यात." मी लसणाचं तेल गरम करून हात चोळला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंगावरून वारं गेलंय, पडू दे जरा. दहा वाजता पाय उचलेना, तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथून तालुक्याला. तिथे सीटी स्कॅनच नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या नीट कधी होत्या?"

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. त्याआधी सीटी स्कॅन लागतोच, कारण काही झटके गुठळीचे नसून रक्तस्रावाचे असतात आणि त्यात हेच इंजेक्शन घातक ठरतं. आमचे पावणेसहा तास गेले होते. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर वेळ रात्री झोपण्याआधी माणूस शेवटचा ठीक होता तिथपासून मोजतात. तरी उशीर झालाय म्हणून घरी बसू नका. मोठ्या रुग्णालयांत काही रुग्णांची गुठळी रक्तवाहिनीतून बारीक तार घालून काढता येते, निवडक रुग्णांत तर २४ तासांपर्यंतही.

यात बहुधा दुखत नाही, म्हणूनच घरचे थांबतात. छातीत कळ आली असती तर आम्ही सव्वासातलाच निघालो असतो. शंका आली की वडिलांना दात दाखवायला सांगा, ओठाची एक बाजू खाली राहते का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा, एक हात हळूहळू खाली येतो का बघा. एखादं साधं वाक्य बोलायला सांगा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, चालताना तोल जाणं हेही त्यातलंच. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. महाराष्ट्रात १०८ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय कुठलं, ते फोनवरच विचारा. आमचे तीन तास एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात गेले.

तोवर तोंडात काहीही घालू नका, पाणी किंवा चहासुद्धा नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. हार्ट ॲटॅकमध्ये देतात म्हणून ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर तो वाढेल. बीपी खूप वाढलेलं दिसलं तरी जास्तीची गोळी देऊन ते घरी उतरवू नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. मधुमेह असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा, कारण साखर एकदम उतरली तरी असंच दिसू शकतं. पण त्यासाठी निघणं लांबवू नका.

सासूबाई आज चालतात, पण डावी मूठ अजून नीट वळत नाही. पातळाच्या निऱ्या रोज मी घालून देते.

तुमच्या वडिलांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या, रक्त पातळ करायची असेल तर ती आठवणीने दाखवा. घास पडला ती वेळ कागदावर लिहा आणि निघा.