चेरी कोळंब्या एकेक करून मरताहेत, पिल्लंही होत नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की ४० लिटरच्या काचेच्या टाकीत १० लाल चेरी कोळंब्या (गोड्या पाण्यातल्या शोभेच्या, छोट्या) सोडल्या होत्या, दोन महिन्यांत ४ उरल्या. आणि काळजी तर पूर्ण घेताय: दर रविवारी निम्मं पाणी बदलता, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुता, शेवाळ दिसलं की खरवडता, रोज दोनदा खायला घालता. सोबत दोन गप्पी मासे आहेत. वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही अगदी हेच करायचे. कोळंब्या मारायची याहून खात्रीची पद्धत मला तरी माहीत नाही.

रविवारच्या पाण्यापासून सुरू करते. कोळंबीला वाढायचं तर कात टाकावी लागते. जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच तयार होतं, मग डोक्याकडचा भाग आणि पोट जिथे जुळतात तिथे जुनं कवच फाटतं आणि ती एका झटक्यात बाहेर उडी मारते. एकदा बघितलंत तर विसरणार नाही. ही वेळ तिची ती ठरवते. निम्मं पाणी एकदम पालटलं की क्षारांचं प्रमाण आणि तापमान दोन्ही तासाभरात बदलतात, आणि तयारी नसताना तिला कात टाकावी लागते. कवच अर्धवट सुटतं, ती आतच अडकून मरते. मेलेल्यांपैकी एखादीच्या डोक्यामागे सबंध अंगाभोवती पांढरं कडं दिसलं होतं का? दिसलं असेल तर बहुधा हेच झालंय. दुसरी शक्यता, पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी पडतंय. जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम), मोजायचं किट आणा. चेरीला जीएच ६ ते १०, पीएच ६.५ ते ८, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) साधारण १५० ते ३०० चालतं. या मर्यादेत तुमचं पाणी कुठेही असलं तरी त्याला हात लावू नका. पीएच ७.६ वरून ७ वर आणण्याच्या नादात मी जेवढ्या कोळंब्या घालवल्या तेवढ्या ७.६ ने कधीच गेल्या नव्हत्या.

यापुढे आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं, आणि बारीक नळीने हळूहळू सोडलेलं. मधल्या दिवसांत वाफ होऊन पातळी उतरते ती मात्र आरओच्या पाण्याने भरा. वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागे राहतात. दर वेळी नळाचंच पाणी ओतत गेलात तर महिन्या-दोन महिन्यांत टीडीएस कुठल्या कुठे जातो.

आता स्पंज. त्यातला तपकिरी गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. कोळंब्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाऊतून अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने तुम्ही दर रविवारी ती वस्ती उठवताय. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोनदा पिळला की पुरे, तोही महिन्यातून एकदा. नवी टाकी लावल्यावर हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही टाकी लावून किती दिवसांनी कोळंब्या सोडल्या ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सोडल्या असतील तर सुरुवातीच्या मरणाचं कारण तिथेच आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत नव्या कोळंब्या आणू नका.

शेवाळाला एवढं शत्रू मानू नका. समोरची काच आपल्याला बघण्यापुरती पुसा, बाकी तीन बाजू सोडून द्या. काचेवर, लाकडावर, मॉस या पाणवनस्पतीच्या प्रत्येक काडीवर जो बुळबुळीत थर येतो तो कोळंब्या दिवसभर चिमटे मारून मारून खातात. पिल्लांचं तर पहिल्या काही आठवड्यांत तेच मुख्य अन्न. टाकी चकचकीत ठेवलीत तर जन्मलेली पिल्लं उपाशी मरतात, आणि ती जन्मली होती हेसुद्धा आपल्याला कळत नाही. वरून खाऊ एक दिवसाआड, दोन तासांत फस्त होईल इतकाच. उरलेला खाऊ लगेच काढा, नाहीतर प्लॅनेरिया नावाचे बाणासारख्या डोक्याचे चपटे किडे वाढतात आणि पिल्लांवर ताव मारतात. टाकलेली कात मात्र काढू नका. त्याच ती खाऊन टाकतात, कॅल्शियम वाया जात नाही.

एक प्रसंग सांगते. एका संध्याकाळी टाकीच्याच खोलीत कुणीतरी डासांचा स्प्रे मारला. सकाळी साठेक कोळंब्या तळाशी आडव्या, मासे मात्र मजेत पोहत होते. या फवाऱ्यांमधली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं कीटकांना मारतात, आणि कोळंबी कीटकांची जवळची नातेवाईक. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो, म्हणजे मरण थेट घरपोच. तीच गोष्ट कीटकनाशक मारलेल्या पाणवनस्पतींची: नवी वनस्पती वेगळ्या भांड्यात, रोज पाणी बदलत, दोन आठवडे ठेवा. माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांब्याचं नाव असेल तर ती या टाकीजवळ आणायची नाही. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच चालतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला थोडंसुद्धा सोसत नाही.

पिल्लांबद्दल. आधी नर-मादी ओळखा. मादी मोठी, गडद लाल, पोटाचा खालचा काठ गोलाकार. नर लहान, फिका, सडपातळ. वयात आलेल्या मादीच्या मानेमागे पाठीवर पिवळसर डाग दिसतो, खोगीर घातल्यासारखा. ती अंडाशयातली अंडी. खोगीर भरलं की ती कात टाकते, आणि त्या वेळी पाण्यात असा काही गंध सोडते की सगळे नर वेड्यासारखे टाकीभर भिरभिरायला लागतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा पाणी बिघडलं समजून घाईघाईने बदलायला निघाले होते. तुम्ही तसं करू नका. मीलनानंतर अंडी पोटाखाली येतात, वीस-तीस तरी. पोहायच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालत असते. २४-२५ अंशांना तीन ते चार आठवडे लागतात. शेवटच्या दिवसांत अंड्यांत काळे ठिपके दिसतात, ते डोळे. बाहेर येणारी पिल्लं जेमतेम २ मिलिमीटरची, पण हुबेहूब आईसारखी. मधे अळीची अवस्था नाही, म्हणून चेरी घरात वाढवणं सोपं. अमानो या दुसऱ्या जातीच्या कोळंबीच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. ती गोड्या पाण्याच्या टाकीत अंडी धरते आणि पुढे काहीच होत नाही.

आणि इथे तुमच्या गप्पी येतात. मोठ्या कोळंबीला ते काही करणार नाहीत, पण २ मिलिमीटरचं पिल्लू त्यांच्यासाठी आयता घास आहे. कदाचित तुमच्याकडे पिल्लं झालीही असतील. गप्पींना दुसरी टाकी द्या, मूठभर जावा मॉस आणा, आणि फिल्टर पाणी ओढून घेणारा असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज चढवा. साधा हवेवरचा स्पंज फिल्टर असेल तर उत्तमच. तापमान २२ ते २६. तिशीपलीकडे पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि कोळंब्या वर पृष्ठभागाशी येऊन राहतात. पंख्याचा झोत पाण्यावर सोडला की दोन-तीन अंश उतरतात.

उरलेल्या चारांत नर आहे का ते बघा. चारही खोगीरवाल्या असतील तर कितीही वाट पाहून पिल्लं व्हायची नाहीत. टाकी महिनाभर स्थिर राहिली की आणखी दहा आणा, शक्यतो लहान वयाच्या, आणि लालच. निळ्या, पिवळ्या आणून मिसळल्यात तर काही पिढ्यांत मातकट, पारदर्शक रानटी रंगाच्या कोळंब्या उरतात. (मला त्या आवडतात, पण बहुतेकांना नाही.) आणलेली पिशवी टाकीत रिकामी करू नका. कोळंब्या भांड्यात घ्या, नळीला गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन थेंबांनी दीड-दोन तास पडू द्या, मग जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या. अंडी धरलेली मादी मुद्दाम मागून आणू नका. जागा बदलल्याच्या धक्क्याने ती बऱ्याचदा अंडी झाडून टाकते, आणि आपल्याला वाटतं टाकीतच काहीतरी बिघडलंय.