वाचकांचे प्रश्न : ध्वनिलिपीची चिन्हे कुठे चुकतात?

प्रश्न : बोलीभाषेच्या मुलाखती आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, म्हणजे आयपीएत, उतरवते आहे. च, ण, घ यांवर खुणा होऊन पाने परत आली. चूक कुठे होत असावी?
– संशोधक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : बहुतेकांचा कान बरोबर असतो, रोमन लिप्यंतराची सवय नडते. संस्कृतच्या लिप्यंतरात च साठी ‘सी’ लिहितात. आयपीएत ‘सी’ म्हणजे टाळूवरचा वेगळाच स्पर्शध्वनी. ‘वाय’ हा ओठ गोल करून म्हटलेला ई, फ्रेंचमध्ये आढळणारा. आपल्या य ला ‘जे’ लागतो. ट-ड-ण-ळ च्या अक्षरांखाली टिंब देऊ नका, त्यांना उजवीकडे वळलेली शेपटी असते.

अनुनासिकांत तर फरक फक्त आकड्याचा, म्हणजे हुकासारख्या वळणाचा. ‘एन’चा उजवा पाय बाहेर, उजवीकडे वळला की ण; तोच पाय आत, डावीकडे वळला की ङ; आणि डावा पाय डावीकडे वळला की ञ. छोट्या टंकात हे तिन्ही एकसारखे दिसतात, म्हणून तपासताना पान २०० टक्के मोठे करा.

च चे दुखणे निराळे. देवनागरी एकाच अक्षरात दोन उच्चार झाकते : ‘चार’ (संख्या) तालव्य, ‘चारा’ (गुरांचा) दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांतही तेच. दंततालव्यासाठी ‘टी-एस’ आणि ‘डी-झेड’ लिहून वर जोडकमान द्यावी. कोणत्या शब्दात कोणता उच्चार येतो ते ध्वनिमुद्रण ऐकूनच ठरवा, प्रमाण मराठीवरून नव्हे.

ख, थ, फ यांना वर चढवलेला साधा ‘एच’. घ, ध, भ यांना मात्र आकडा असलेला ‘एच’, कारण तिथे हकारातही स्वरतंतूंचा कंप चालू असतो. लेखनातले ऱ्हस्व-दीर्घ पाहून इ-उ ला दीर्घचिन्ह लावू नका. ‘घर’च्या शेवटी अ लिहू नका, तो उच्चारात नाही.

प्रश्न : प्रबंधात अ चे उलटे ‘ई’ चिन्ह शोधले तर निम्मे सापडतच नाहीत. जुन्या फाइलीत तर नुसते चौकोन दिसतात.
– वाचक, सोलापूर

उत्तर : युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, उलटा ‘ई’ एकाहून अधिक ठिकाणी आहे आणि दिसायला सारखाच. ध्वनिलिपीचा क्रमांक ०२५९. तसेच दीर्घचिन्ह ०२डी० हे दोन त्रिकोणांचे असते, तिथे कीबोर्डवरचा विसर्गासारखा कोलन चालत नाही. आघातचिन्ह ०२सी८, तिथे अवतरणचिन्ह टाकू नका, आणि ते आघाताच्या अवयवाआधी (सिलेबलआधी) येते, नंतर नाही.

वर्डमध्ये क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकून ऑल्ट आणि एक्स दाबा. जोडकमान (०३६१) पहिल्या अक्षरानंतर लगेच येते. ‘टी’ नंतर ती नीट बसते, ‘डी’ नंतर बिघडते : ए ते एफ ही अक्षरे क्रमांकाचाच भाग समजली जातात आणि ‘डी’ गिळला जातो. तिथे फक्त चार आकडे निवडून मग ऑल्ट-एक्स करा.

चौकोनांचे कारण बहुधा युनिकोडपूर्व टंक. जुन्या मराठी डीटीपीच्या फाइलींसारखेच. नुसता टंक बदलून भागत नाही, मजकूर रूपांतरित करावा लागतो. पुढे डूलॉस किंवा कॅरिस हे मोफत टंक वापरा. चिन्हे तिरप्या टंकात मात्र टाकू नका : बऱ्याच टंकांत दुमजली ‘ए’ तिरपा केला की एकमजली होतो, आणि आयपीएत ते दोन वेगळे स्वर आहेत.

प्रश्न : ध्वनिलिपीतला मजकूर तिरक्या रेघांत द्यावा की चौकटी कंसांत?
– वाचक, ठाणे

उत्तर : कानाला आले ते चौकटी कंसात, भाषेतले स्वनिम, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनी, तिरक्या रेघांत. बोलीचे स्वनिम अजून ठरले नसतील, तर सगळे चौकटी कंसातच ठेवा.