ग्लू बदलण्याआधी सुटलेली कड नीट बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: १/१० मापाच्या रिमोट कंट्रोल बगीला (खेळातल्या ऑफरोड गाडीला) नवे टायर सुपरग्लूने चिकटवले, पहिली बॅटरी संपायच्या आतच पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड सुटली. वर आणखी ग्लू ओतला तरी पुन्हा तेच, शिवाय टायर आता एका बाजूला कडक लागतोय. यापेक्षा जोरदार ग्लू कोणता?

ग्लूचा दोष असेल असं मला वाटत नाही. साधा ताजा, पातळ सीए (सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे सुपरग्लूच) बगीच्या टायरला पुरतो. त्याला नीट पकडता येईल असा पृष्ठभाग मिळालेला नसतो, अडचण तिथे असते. नेमकं काय चुकलं ते सुटलेली कडच सांगते, म्हणून ती अंगठ्याने मागे ओढून उजेडात बघा.

ग्लूचा चकचकीत पापुद्रा रिमवर राहिलाय आणि रबर कोरं आहे, तर रबर अस्वच्छ होतं. साच्यातून टायर सहज सुटावा म्हणून कारखान्यात वापरलेल्या द्रव्याचा तेलकट थर नव्या टायरवर असतो. हाताला जाणवत नाही, पण ग्लूला धरू देत नाही. उलट पापुद्रा रबरावर आणि रिम स्वच्छ, तर रिम घासलेली नव्हती. बहुतेक ऑफरोड रिमा नायलॉनच्या असतात आणि गुळगुळीत नायलॉनवर सीए फार काळ टिकत नाही. दोन्हीकडे काहीच नाही, म्हणजे ग्लू तिथे पोचलाच नव्हता, कड रिमच्या खाचेत बसली नव्हती. आणि रिमवर रबराचे फाटलेले कण चिकटलेले दिसले तर जोड उत्तम होता, टायरच कुठेतरी जोरात आपटलाय; तेवढ्यापुरता ग्लू लावा आणि चालवा.

कारण सापडलं की पुढचं सोपं आहे. टायरच्या दोन्ही कडा आतून-बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुसायचा कागद काळा यायचा थांबेपर्यंत. रिमच्या खाचेत मध्यम पॉलिशपेपर फिरवून चकाकी पूर्ण घालवा, मग तीही अल्कोहोलने पुसा. वाळू द्या. त्यानंतर कडेला बोट लावायचं नाही, कारण हाताचं तेलही पुरेसं असतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जायला हवा.

आता फोम, म्हणजे टायरच्या आत आधाराला असलेलं स्पंजाचं कडं. टायर एका बाजूला कडक लागतो याची दोन कारणं असू शकतात: फोम आत दुमडलाय, किंवा ओतलेला जादा ग्लू फोमने शोषला आणि तिथे दगडासारखी गाठ झाली. दुसरं असेल तर तो फोम गेला, शिवाय चाकाचा तोलही गेला. नवा फोम बसवताना त्याची कड रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली जाणार नाही हे बघा. चिमटली तर ग्लू रबराऐवजी फोम धरून बसतो. टायर रिमवर चढवल्यावर दोन्ही तळव्यांत धरून गोल फिरवत दाबत राहा, फोम आपोआप सरळ होतो.

हवा जायला भोकं आहेत का? रिममध्ये नसतील तर पाडावीच लागतील. बंदिस्त टायरमधली हवा उडीनंतर दाबली जाते, गाडी चेंडूसारखी उसळते आणि तो दाब कडेवरच येतो. फोम बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) असेल तर रिममध्ये ड्रिलने समोरासमोर दोन लहान भोकं पुरतात. फोम उघड्या पेशींचा (पाणी शोषणारा) असेल आणि गाडी ओल्यात चालणार असेल, तर चामड्याच्या पंचने टायरच्या मधल्या पट्ट्यावर दोन भोकं पाडा. आत शिरलेलं पाणी फिरताना तिथूनच बाहेर फेकलं जातं. रिमवरच्या भोकातून ते निघत नाही आणि चाक जड होत जातं.

ग्लूची बाटली उघडण्याआधी चारही चाकं गाडीवर असतील तशी टेबलावर मांडा. टायरवरचे दिशेचे बाण आणि रिमची बाहेरची बाजू जुळते का बघा. तीन डावी चाकं तयार झाल्यावर हे लक्षात येणं फार वाईट.

मग टायरच्या घेराभोवती, कडेजवळ, एक रुंद रबरबँड चढवा म्हणजे कड खाचेत दाबून राहील. बाजूच्या भिंतीवरची गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. कुठे वाकडी दिसली तर तिथे कड बसलेली नाही. कड अंगठ्याने किंचित मागे घ्या, बारीक नळीने एकच थेंब टाका आणि सोडा. पातळ सीए केशाकर्षणाने स्वतःच फटीत पसरतो. समोरासमोर चार जागी असं करून टायर पक्का करा, मग मधल्या जागा भरा. थेंब ओघळला तर तुम्ही जास्त टाकलाय. सीए घट्ट होतो तो पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओलाव्याने, त्यामुळे पातळ थर लवकर आणि चांगला धरतो. जाड थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. लवकर वाळावं म्हणून मिळणारा स्प्रे इथे मारू नका. जोड ठिसूळ होतो आणि टायरची कड तर सतत वाकत असते. एक बाजू धरली की मगच चाक उलटा.

चष्मा घाला, खिडकी उघडी ठेवा. ओघळलेला सीए सुती चिंधीने किंवा कापसाने टिपू नका: कापसाशी त्याची क्रिया होऊन एवढी उष्णता निघते की बोट भाजू शकतं, धूरही येतो. बोटं चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात धरा, हळूहळू सुटतात.

रात्रभर ठेवून सकाळी पूर्ण घेरावर कड अंगठ्याने बाहेर ओढून तपासा. जिथे फट उघडते तिथे एक थेंब. पहिल्या एक-दोन बॅटऱ्यांनंतर हीच तपासणी पुन्हा करा, विशेषतः पुढच्या चाकांच्या बाहेरच्या कडा, कारण वळणावर सगळ्यात जास्त भार त्यांच्यावर येतो.

तुमचा तो एक टायर मात्र आधी सोडवावा लागेल, जुन्या पापुद्र्यावर नवा ग्लू टिकणार नाही. चाक उकळत्या पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवा; साधा सीए साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर होतो. गरम असतानाच हातमोजे घालून बोथट पट्टीने कड सोडवत जा, अडलं की पुन्हा पाण्यात टाका. अ‍ॅसिटोननेही ग्लू विरघळतो, पण रबर फुगतं, आणि रिम नायलॉनची नसून एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटची असेल तर तीही खराब होते, म्हणून मी आधी पाणीच वापरतो. फोम वाचला असेल तर पिळून पूर्ण कोरडा होईपर्यंत उघड्यावर ठेवा, ओला फोम आत गेला तर कडेवरचा ग्लू पांढरा पडून भुसभुशीत होईल.