ट्रान्सफरचा अर्ज आणि गणितातली केटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मुंबई विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात गणित-२ मध्ये एफ (अनुत्तीर्ण) आला, डिसेंबरमध्ये केटी (नापास होऊन राहिलेला विषय) सुटली आणि आता अमेरिकेतील विद्यापीठांत ट्रान्सफरसाठी, म्हणजे पदवीचे उरलेले शिक्षण तिथे घेण्यासाठी, अर्ज करायचा आहे. मावसभाऊ म्हणतो की उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका तेवढी दाखव, पहिल्या प्रयत्नाची चौकशी तिकडे कोण करणार? मुलांचे असे अर्ज मी बरीच वर्षे वाचून देत आले आहे आणि माझे मत त्याच्या नेमके उलट आहे; ते केवळ नीतीपोटी नाही.

एक तर ही गोष्ट लपतच नाही. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेले असते. ज्या दुसऱ्या सत्राची परीक्षा मे महिन्यात व्हायला हवी, त्याच्या गुणपत्रिकेवर डिसेंबर दिसला की भारतीय कागदपत्रे रोज हाताळणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही. कॉमन ॲपमध्ये (अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज) अर्ज पाठवण्यापूर्वी जे प्रतिज्ञापन करावे लागते, त्यात माहिती खोटी ठरल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, विद्यापीठातून काढले जाऊ शकते आणि मिळालेली पदवीसुद्धा काढून घेतली जाऊ शकते, असे स्पष्ट म्हटलेले आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात विषय आणि श्रेणी विद्यार्थ्यानेच भरायच्या असतात, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेली सर्व सत्रांच्या गुणांची अधिकृत नोंद) त्या वेळी मागत नाहीत, आणि मोह होतो तो इथेच. मात्र प्रवेश मिळाल्यावर अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवून ती अर्जाशी ताडून पाहतात, आणि पुन्हा दिलेल्या विषयाचे सगळे प्रयत्न नोंदवावेत असा त्यांचा नियमच आहे. व्हिसा आणि तिकीट हाती असताना प्रवेश रद्द झाल्याचे पत्र येण्यापेक्षा एक एफ परवडला.

आता तुम्ही पाठवलेल्या निवेदनाच्या मसुद्याकडे वळते. त्यात अर्धे पान केटीवर खर्ची पडले आहे आणि त्यातलेही बरेचसे ‘पेपर कडक तपासला गेला’ या तक्रारीवर. तसे खरोखर वाटत होते, तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा मार्ग खुला होता. तो न वापरता केलेली तक्रार वाचणाऱ्याला पोकळ वाटते. दुसरे कारण तुम्ही बदलापूरहून रोज लोकलने होणाऱ्या प्रवासाचे दिले आहे. ते खरे असेल, त्याबद्दल शंका नाही. पण तुम्ही आजही बदलापूरहूनच येता. जे कारण अजून तसेच कायम आहे, त्याने मागची केटी समजते, पुढची टळेल याची खात्री मात्र मिळत नाही. तुम्ही सकाळची आधीची गाडी धरू लागलात किंवा संध्याकाळी कॉलेजच्या वाचनालयात थांबू लागलात, असे काही बदलले असेल तर ते लिहा, नसेल तर प्रवासाचा उल्लेखच गाळा.

एवढे पुरे आहे: ‘पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात गणित-२ मध्ये मी अनुत्तीर्ण झालो. त्या सत्रात मी तासांना नियमित बसलो नाही आणि अभ्यास शेवटच्या आठवड्यांवर ढकलला. डिसेंबरमध्ये तोच पेपर पुन्हा देऊन उत्तीर्ण झालो. त्याच सुमारास झालेल्या गणित-३ मध्ये मला बी श्रेणी मिळाली.’ हे अतिरिक्त माहितीच्या रकान्यात इंग्रजीत लिहा आणि तिथे ‘केटी’ हा आपला शब्द वापरू नका, तिकडे तो कोणाला कळणार नाही. मुख्य निबंधात हा विषय आणूच नका. तो निबंध तुम्हाला तिथे काय शिकायचे आहे यासाठी आहे, आणि एका पेपरला त्यात जागा दिली की तो पेपर आहे त्याहून मोठा दिसू लागतो.

प्रामाणिकपणाच्या नादात स्वतःवर अन्यायही करू नका. मुंबईच्या अभियांत्रिकीच्या जुन्या श्रेणीसारणीत ६० ते ६९.९९ टक्क्यांना सी मिळतो, म्हणजे आपल्याकडचा प्रथम वर्ग. अमेरिकी वाचकाला मात्र तो सी सुमार वाटतो. त्यामुळे तुमच्या बॅचला लागू असलेली सारणी ट्रान्सक्रिप्टसोबत अवश्य जाऊ द्या आणि दहाच्या मोजपट्टीवरील सीजीपीए (सर्व सत्रांची श्रेणी-सरासरी) स्वतःच्या हिशेबाने अमेरिकेतल्या चारच्या मोजपट्टीवर आणू नका. अर्जात मूळ मोजपट्टी निवडता येत असेल तर तीच निवडा. रूपांतर लागणारच असेल, तर त्या-त्या विद्यापीठाने मान्य केलेल्या मूल्यमापन संस्थेकडून करून घ्या.

कबुलीने काय साधत नाही, तेही सांगते. कॅलिफोर्नियाबाहेरच्या ट्रान्सफर विद्यार्थ्यासाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने किमान २.८ जीपीए (चारपैकी श्रेणी-सरासरी) ठेवला आहे. त्याखाली असाल, तर कितीही मोकळेपणाने लिहिले तरी उपयोग नाही. तिथल्या अर्जाच्या फीचे पैसे दुसऱ्या अर्जाला लावा.

शेवटचे काम कॉलेजातले आहे. कॉमन ॲपमधून ट्रान्सफर घेणारी बरीच विद्यापीठे सध्याच्या महाविद्यालयाकडून एक अहवाल मागतात, आणि आपल्याकडे तो फॉर्म प्राचार्यांच्या कार्यालयात अनेकदा प्रथमच पाहिला जातो. म्हणून आधी विभागप्रमुखांना भेटून फॉर्म समजावून सांगा. ज्या सरांकडून शिफारसपत्र घेणार आहात, त्यांच्या हाती तुमचे ते तीन-चार ओळींचे निवेदन आणि दोन्ही गुणपत्रिका द्या, म्हणजे त्यांचे पत्र आणि तुमचा अर्ज यांत विसंगती राहणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या कार्यालयातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ लागतो, तेव्हा ट्रान्सक्रिप्टसाठीचा अर्ज याच आठवड्यात टाका.